धाकटी नस

१ फेब्रुवारी, शुक्रवार

अक्का पडली. मागच्या पायरीवर साबणाचं पाणी सांडलं होतं, त्यावरून उजवा पाय घसरला आणि गुडघा मुरगळला. दहा मिनिटांत गुडघ्याचा भोपळा. भाचीला फोन केला तर ती शाळेतूनच म्हणाली, "मामा, गाडी पाठवते, आईला हॉस्पिटलात न्या." म्हटलं, "अगं, चाळीस वर्षं मी पायच बघितले. हाड शाबूत आहे, दाबून पाहिलंय. तू तुझे पाढे शिकव. मी आहे ना!"

आणि खरंच आहे ते. मेडिकल कॉलेजात प्रेतं ठेवायची-काढायची आणि हॉल धुवायचा, एवढंच माझं काम. पण ज्याचे डोळे उघडे, त्याला फी लागत नाही. पोरं चिरफाड करायची, मी शेजारी उभा राहून शिकायचो. पुढेपुढे नापास व्हायच्या बेतात आलेले सगळे परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्याकडेच यायचे. "मास्तर, पायाच्या नसा एकदा दाखवा ना." सातवीत शाळा सुटलेला माणूस डॉक्टरांचा मास्तर!

अक्काच्या शिवणाच्या टेबलावरून लाकडी फूटपट्टी घेतली, पायाच्या बाहेरच्या अंगाला लावली आणि पोटरीपासून मांडीपर्यंत बँडेज करकचून गुंडाळलं. सर्जनने मान डोलवावी असं काम झालं.

"बाळ, जरा घट्ट होतंय रे," अक्का म्हणाली. मी एकाहत्तरचा आणि ती शहात्तरची, पण तिच्यासाठी मी बाळच.

"घट्टच पाहिजे. सैल सोडायला ती काय पायजम्याची नाडी आहे?"

हसली बिचारी.

२ फेब्रुवारी, शनिवार

अक्का उशीवर पाय ठेवून पडून आहे. दुपारी म्हणाली, पावलाला मुंग्या येतात. संध्याकाळी म्हणाली, अंगठा आपला वाटत नाही, कुणी दुसऱ्याचा आणून लावल्यासारखा आहे. मी म्हटलं, मुंग्या येतात म्हणजे रक्त खेळतंय, सूज उतरतेय.

"तू म्हणतोस तर असेल. तुला पायातलं कळतं, मला कापडातलं."

तिला मशिनीची काळजी. पडद्यांचं काम अर्धवट पडलंय. चार दिवस मशीन बसलं तर काही बिघडत नाही म्हणून सांगितलं.

४ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी बँडेज सोडलं. सूज छान उतरली होती. "आता पाऊल वर उचल," म्हटलं. तिने कपाळाला आठ्या घालून जोर केला. पाऊल ओल्या फडक्यासारखं लोंबत राहिलं. पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच.

मग मला ती खाच दिसली. गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूला, फूटपट्टीचं टोक जिथे टेकलं होतं तिथे. लालभडक, बोटभर लांब. हात लावायच्या आधीच कळलं.

कमरेच्या मणक्यांतून चार-पाच मुळं निघतात, ती एक होऊन अंगठ्याएवढी जाड दोरी होते. ती मांडीच्या मागून खाली उतरते आणि गुडघ्याच्या खळगीच्या थोडं वर तिच्या दोन होतात. थोरली सरळ पोटरीच्या मांसात शिरते. धाकटी बाहेर वळते आणि नडगीशेजारच्या बारक्या हाडाच्या मानेला वळसा घालून पुढे येते. पाऊल वर उचलायचं काम तिचं. त्या वळशावर तिच्या अंगावर कातडीखेरीज काही नसतं. मी पोरांना सांगायचो, "थोरली माजघरात राहते, धाकटी उंबऱ्यावर बसते. येणारा-जाणारा तिलाच तुडवतो. प्लास्टर घालाल, फळी बांधाल, तेव्हा आधी हिला सांभाळा." पोरं हसायची आणि जन्मभर लक्षात ठेवायची. विसरला तो सांगणारा.

मी ती खाच तळव्याने चोळत बसलो, जणू पुसली जाणार होती.

"काय रे? काय झालं?"

"काही नाही. पडून पडून पाय आळसावलाय."

अक्का माझ्याकडे बघत राहिली. तिचा चष्मा गादीवर होता, म्हणजे तिला माझं तोंड नीट दिसलं नसावं. फूटपट्टी आणि बँडेज मी कपाटामागे सारलं.

५ फेब्रुवारी, मंगळवार

हॉस्पिटल. भाची तिच्या घरून गाडी घेऊन आली; बँडेज तिने पाहिलंच नव्हतं. हाडांचा डॉक्टर माझ्याच हाताखालून गेलेला. हॉलमध्ये त्याला सगळे कुरळ्या म्हणत. आता डोक्यावर कुरळं तर सोडाच, सरळसुद्धा काही उरलेलं नाही. मला बघताच खुर्चीतून उठला. भाचीला म्हणाला, "मास्तर घरात असताना तुम्ही इथे कशाला आलात?" भाचीची मान ताठ झाली. माझी झाली नाही.

त्याने अक्काचा पाय बघितला. गुडघा अजून दुखतो म्हणून फार हलवला नाही. खाच एव्हाना फिकी पडली होती. मग माझ्याकडे वळून विचारलं, "मास्तर, गुडघ्याला काही बांधलं होतं का? प्लास्टर, फळी, बँडेज?"

प्रश्न बरोबर होता. मीच शिकवलेला प्रश्न. आणि माझ्या तोंडातून निघालं, "छे. नुसता शेक दिला."

त्याने अक्काला विचारलं, "आजी?"

अक्का छताकडे बघत म्हणाली, "तो म्हणतो तसंच."

हल्ली तिला विसरायला होतं. बरं झालं विसरली, असं मनात आलं आणि लगेच त्याची लाज वाटली.

९ फेब्रुवारी, शनिवार

कमरेचा स्कॅन झाला. दोन मणक्यांमधली गादी सरकलीय, उजवीकडे. शहात्तरीत कुणाची सरकलेली नसते? कंबर तर तिची मशिनीवर वाकून वीस वर्षं दुखतेय. डॉक्टर म्हणाला, नसेचं मूळ तिथे दाबलं गेलंय, त्यामुळे पाऊल पडलं. ऑपरेशन करून मोकळं करू, आणि लवकर करू, उशीर झाला तर पाऊल कायमचं जाईल. नसेत करंट सोडून बघायचं मशीन महिनाभर बंद आहे. "पण गुडघ्यावर दाब नव्हता हे मास्तरांनी सांगितलंय, मग मशिनीसाठी थांबायचं कशाला?"

भाचीने विचारलं, "मामा, करूया ना?"

"डॉक्टर सांगतील तसं," मी म्हटलं. चाळीस वर्षांत डॉक्टर सांगतील तसं असं मी कधी म्हटलं नव्हतं. भाचीला ते माझं मोठेपण वाटलं.

११ फेब्रुवारी, सोमवार

अजून एक आशा होती: कदाचित खरंच कंबर असेल. माणूस किती नीच असतो बघा. सख्ख्या बहिणीची कंबर बिघडलेली असावी म्हणून मी मनातल्या मनात हात जोडत होतो.

तिची नखं कापायला बसलो. थोरली आणि धाकटी एकाच मुळावर जगतात. मूळच कमरेत दबलं, तर दोघींचीही कामं बिघडतात. पाऊल वर येत नाही आणि आतही वळत नाही. पण धाकटी एकटीच गुडघ्याशी चेंगरली असेल, तर आत वळवायचा जोर शाबूत राहतो. तो थोरलीचा.

"अक्का, तळवा आत वळव. माझ्या हाताला ढकल."

तिने ढकललं. माझा हात बाजूला गेला. पुन्हा मी जोर लावून धरला, पुन्हा गेला.

"कमरेचा पाय आहे का रे हा?" तिने विचारलं.

मी म्हटलं, हलू नकोस, नख लागेल.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पखाल फाडायची तारीख ठरतेय आणि रेडा कुठे बांधलाय ते एकट्या मला ठाऊक.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरने सोमवारची तारीख दिली होती. अक्काने नाही म्हटलं. पडद्यांच्या कडा हाताने दुमडून द्यायच्या आहेत म्हणे. भाची चिडली, "आई, तुझा पाय चाललाय आणि तुला पडदे सुचतात?"

"पडदे दिलेल्या वेळेला गेले पाहिजेत. आठवडा द्या मला."

"डॉक्टर म्हणतात उशीर नको."

"डॉक्टरला म्हणावं, तुझ्या खिडकीला पडदे नाहीत का!"

म्हाताऱ्या माणसांचे हट्ट. डॉक्टरने नाराजीने पंचवीस तारीख दिली. अक्का पलंगावर पाय लांब करून टाके घालते. मध्येच पोस्टमन आला, त्याला म्हणाली, तुझी कंबर दोन बोटं वाढली रे, गेल्या खेपेला पस्तीस होती. दोन वर्षांपूर्वीचं पँटचं माप! आणि दोन आठवड्यांपूर्वीचं बँडेज आठवत नाही.

हल्ली दिवे लागले की मला हाक मारते. "बाळ, बस जरा. काही बोलायचं असेल तर बोल." मी हवापाण्याचं बोलतो. ती टाके घालत ऐकते.

१८ फेब्रुवारी, सोमवार

आज निश्चय करून गेलो. डॉक्टरच्या खोलीबाहेर बाकावर दोन तास बसलो. वाक्य ठरवलं होतं: मी बांधलं होतं, आणि मी खोटं बोललो. सात शब्द. लहान मूल पाठ करेल.

डॉक्टर बाहेर आला तो पाच-सहा शिकाऊ डॉक्टर बरोबर घेऊन. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांना म्हणाला, "नीट बघून घ्या यांना. पुस्तकातला पाय मला कळत नव्हता, तो यांनी हातात दिला." पोरी-पोरं आदराने बघायला लागली. एकीने वाकून नमस्कार केला.

"काही काम होतं का, मास्तर?"

"नाही. सहज."

घरी येताना सिग्नलवर उभा राहिलो आणि दोनदा हिरवा होऊन गेला तरी ओलांडला नाही.

माझ्याजवळ आहे काय? घर अक्काच्या मशिनीवर उभं राहिलं. आईवडील गेले तेव्हा ती सतराची होती. माझी शाळा सुटली तेव्हा ती एकटीच रडली, मला तर सुट्टी लागल्यासारखं वाटलं होतं. स्वतःचं असं माझ्याकडे हे 'मास्तर' एवढंच. तेवढ्यासाठी मी तिची पाठ चिरू द्यायला निघालोय. बोलता येत नाही त्याने निदान लिहावं.

२३ फेब्रुवारी, शनिवार

भाची फॉर्मवर सही करून आली. भूल देणारा डॉक्टर म्हणाला म्हणे, वय आहे, रक्तदाब आहे, शंभरात चार-पाचांना त्रास होऊ शकतो. गणिताची बाई ती. चार-पाच म्हणजे किती ते तिला सांगावं लागत नाही. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडली. मग तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही आहात म्हणून धीर आहे."

मी पाणी प्यायलो. ग्लास रिकामा होता ते नंतर कळलं.

२५ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सात वाजता अक्काला हिरवा गाऊन घातला. तिने शिवण उलटून बघितली आणि नर्सला म्हणाली, "कुणी शिवलाय हा? एका धुण्यात उसवेल." नर्स हसली. अक्काचे हात मात्र गार होते. मी ते धरून बसलो होतो. दोन माणसं चाकाची खाट घेऊन आली. तिला उचलून त्यावर घेतलं. उजवं पाऊल खाटेच्या कडेवरून खाली लोंबलं, तिला ते कळलंही नाही. मी ते उचलून चादरीखाली ठेवलं.

अक्का म्हणाली, "बाळ, येते हां."

एवढंच. आणि चाकं फिरली.

मी उठलो कधी ते मला सांगता येणार नाही. खाटेच्या पुढे जाऊन आडवा उभा राहिलो. "थांबवा. डॉक्टरला बोलवा." ती माणसं म्हणाली, आजोबा, बाजूला व्हा, वेळ झालीय. मी खाटेचा दांडा सोडला नाही. भाची धावत आली, "मामा, असं काय करताय?" तिला वाटलं मला बहिणीची माया आवरत नाही.

डॉक्टर टोपी-मास्क चढवूनच आला. तिथेच, जाणाऱ्या-येणाऱ्यांत मी सांगितलं. फूटपट्टी कशी बांधली, टोक कुठे टेकलं, किती दिवस ठेवलं, मुंग्या आल्या तेव्हा मी काय म्हणालो, खाच कशी दिसली. "तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. पाऊल आत वळतंय तिचं, जोरात वळतंय. कंबर नाही ही."

अक्का अगदी हळू म्हणाली, "बांधलं होतं खरं."

डॉक्टरने मास्क खाली ओढला. चादर बाजूला केली. तळवा आत वळवायला सांगितला, स्वतःचा हात आड धरून. मग बारक्या हाडाच्या मानेवर दोन बोटांनी टकटक केलं. अक्का दचकली. "वीज गेली रे अंगठ्यापर्यंत!"

त्याने खाट परत फिरवायला सांगितली. मग माझ्याजवळ आला.

"मास्तर, परीक्षेत फळी बांधताना मी हे केलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"चालता हो म्हणालो असतो."

तो हसला नाही. "आणि तपासायचं माझंच राहून गेलं. तुमचा शब्द होता ना, म्हणून." असं म्हणून निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

भाचीने आईला स्वतःच्या घरी नेलं. सामान भरताना माझ्याशी बोलली नाही. दारात मात्र थांबली. "बांधताना चुकलात ते मी कधीच धरलं नसतं. पण मी सही करून आले, रडले, मामा. तुम्ही समोर बसून पाणी पीत होतात."

मी अक्काची पिशवी उचलून गाडीत ठेवली.

घरात मशीन आहे, मी आहे. अक्काला मी विचारलं होतं, तुला आठवत होतं तर त्या दिवशी डॉक्टरला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुझ्या तोंडातलं मी कशाला काढून घेऊ?" मला नीट कळलं नाही. पडद्यांसाठी आठवडा मागून घेतला ते मात्र किती बरं झालं! नाहीतर आधीच्या सोमवारीच सगळं उरकलं असतं. नशीब म्हणायचं.

४ मार्च, सोमवार

दुसऱ्या शहरात नेऊन करंटची तपासणी करून आणली, भाचीनेच. नस गुडघ्याशीच चेंगरलीय. तुटलेली नाही, पण आतले बरेच धागे मेलेत. डॉक्टरने फोनवर भाचीला सांगितलं ते तिने मला कागदावर लिहून पाठवलं, मास्तरीण बाईंच्या स्वच्छ अक्षरात: नस रोज साधारण मिलिमीटरभर वाढते. तीन महिने, कदाचित जास्त. कदाचित नाही. तोवर पाऊल ताठून बसू नये म्हणून रोज सकाळी कुणीतरी ते हाताने वर-खाली करायचं, आणि बाकी वेळ आधाराचा बूट. कागदाच्या खाली एक ओळ होती. "सकाळी मला शाळा असते. आठ वाजता याल का?"

'मामा' लिहिलेलं नव्हतं. तरी कागद चार वेळा वाचला.

१९ मार्च, मंगळवार

पंधरा दिवस झाले. आठला जातो. भाची दार उघडते आणि बाजूला होते. मी अक्काच्या पायाशी बसतो, टाच एका हातात, चवडा दुसऱ्या हातात. पन्नास वेळा वर, पन्नास वेळा खाली. आधाराच्या बुटाला वरच्या बाजूने पट्टा आहे, तो कुठे टेकतो ते आधी बोट घालून बघतो. रोज बघतो. अक्का चेष्टा करते, "आता काय, घोड्याची नाल ठोकतोयस का?"

कॉलेजातून निरोप आला होता, नव्या पोरांना एकदा पाय शिकवायला या म्हणून. डॉक्टरनेच सुचवलं म्हणे. मी नाही सांगितलं. मग रात्रभर विचार करून हो सांगितलं. हीच गोष्ट सांगेन, फूटपट्टीसकट. नावगाव माझंच.

९ एप्रिल, मंगळवार

आज भाचीला शाळेला सुट्टी होती. ती पलंगाच्या पलीकडे वह्या तपासत बसली होती. पन्नास झाले. रोजच्यासारखं म्हटलं, "अक्का, आता तू अंगठा वर उचल."

ती पाठीवर निजलेली. पोटावरची चादर आणि स्वतःचे गुडघे यांच्यापलीकडचं तिला काही दिसत नाही, आणि अंगठा अजून कळतही नाही. तिने डोळे मिटून जोर केला. गळ्याच्या शिरा फुगल्या. मी अंगठ्याकडे बघत होतो, श्वास धरून.

"हलला ना रे?" तिचा आवाज अगदी लहान मुलीचा झाला होता. "मला वाटलं हलला. हलला ना?"

पलीकडे वहीचं पान उलटायचं थांबलं.

जिभेवर 'हो' आलं होतं. किती सोपं होतं! तिला बरं वाटलं असतं, महिनाभर उमेद पुरली असती.

"नाही, अक्का," मी म्हटलं. "नाही हलला."

तिच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे गेलं, ते तिने पुसलं नाही. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. आता ज्या दिवशी तू हलला म्हणशील, त्या दिवशी मला उठून बघायला नको."

भाचीने वही मिटली. पलंगाला वळसा घालून आली आणि माझ्या शेजारी, आईच्या पायाशी बसली.

"मामा," ती म्हणाली, "कसं धरायचं ते मला दाखवा."

मी तिचा हात घेतला आणि टाचेखाली ठेवला. दुसरा चवड्यावर. आम्ही दोघांनी मिळून आणखी पन्नास केले.